कालप्रवासाचे सैद्धांतिक नियम

कालप्रवासाचे सैद्धांतिक नियम म्हणजे एखादी व्यक्ती, वस्तू किंवा संदेश भविष्यात वा भूतकाळात जाऊ शकेल काय आणि गेल्यास त्यावर कोणती बंधने येतील, हे सांगण्यासाठी भौतिकशास्त्रात व तत्त्वज्ञानात मांडली गेलेली तत्त्वे होत. भविष्याकडे होणारा प्रवास सापेक्षता सिद्धांतातून सरळ निष्पन्न होतो आणि तो अल्प प्रमाणात प्रयोगाने सिद्ध झालेला आहे. भूतकाळाकडील प्रवासाची स्थिती वेगळी आहे. व्यापक सापेक्षता सिद्धांताची समीकरणे त्याला उघडपणे मनाई करीत नाहीत. परंतु तो मान्य केल्यास कार्यकारणभावाशी विरोध उत्पन्न होतो. हा विरोध टाळण्यासाठी प्रामुख्याने तीन मार्ग सुचविले गेले आहेत : इगोर नोव्हिकोव्ह यांचे स्वयंसुसंगती तत्त्व, स्टीफन हॉकिंग यांचे कालक्रम-संरक्षण अनुमान आणि डेव्हिड डॉइच यांची पुंजयामिकीवर आधारित सुसंगती अट. यांपैकी एकही अद्याप सिद्ध झालेला निसर्गनियम नाही.

'नियम' या संज्ञेचा अर्थ

या विषयात 'नियम' हा शब्द सैल अर्थाने वापरला जातो, म्हणून त्यातील भेद प्रथम लक्षात घेणे आवश्यक आहे. गुरुत्वाकर्षणाचा किंवा ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियम निरीक्षणांवर आधारलेला असतो व तो पुनःपुन्हा पडताळून पाहता येतो. भूतकाळाकडील प्रवासाबाबत असे एकही निरीक्षण उपलब्ध नाही. त्यामुळे येथील विधाने पुढील प्रकारांत मोडतात :

निष्कर्ष – प्रस्थापित सिद्धांतातून गणिताने मिळणारे विधान. उदा., वेगाने जाणारे घड्याळ मंद चालते.
तत्त्व – सिद्धांतातून न निघणारी, परंतु तर्कसंगतीसाठी वरून घातलेली अट. उदा., स्वयंसुसंगती तत्त्व.
अनुमान – खरे असावे असे मानण्यास सबळ कारणे आहेत, पण पूर्ण सिद्धता नाही असे विधान. उदा., कालक्रम-संरक्षण अनुमान.
प्रमेय – स्पष्टपणे सांगितलेल्या गृहीतकांखाली सिद्ध झालेले विधान.

कालप्रवास 'शक्य आहे' किंवा 'अशक्य आहे' असे जेव्हा सांगितले जाते, तेव्हा ते विधान यांपैकी कोणत्या प्रकारचे आहे यावर त्याचे वजन अवलंबून असते.

भविष्याकडील प्रवास

अल्बर्ट आइन्स्टाइन यांनी १९०५ मध्ये मांडलेल्या विशिष्ट सापेक्षता सिद्धांतानुसार काळ सर्वांसाठी एकाच गतीने जात नाही. एखादे यान प्रकाशवेगाच्या ८० टक्के वेगाने दूर जाऊन परतले आणि त्या दरम्यान पृथ्वीवर १० वर्षे लोटली, तर यानातील घड्याळानुसार केवळ ६ वर्षे झालेली असतील. परतलेला प्रवासी पृथ्वीच्या चार वर्षे पुढच्या भविष्यात आलेला असतो. १९१५ च्या व्यापक सापेक्षता सिद्धांताने यात आणखी एका कारणाची भर घातली : गुरुत्वाकर्षण जेथे अधिक तीव्र, तेथे घड्याळ अधिक मंद चालते.

ऑक्टोबर १९७१ मध्ये जोसेफ हाफेले व रिचर्ड कीटिंग यांनी सीझियमची आण्विक घड्याळे प्रवासी विमानांतून जगाभोवती फिरविली. जमिनीवरील घड्याळांशी तुलना करता पूर्वेकडे गेलेली घड्याळे सुमारे ५९ नॅनोसेकंद मागे पडली, तर पश्चिमेकडे गेलेली सुमारे २७३ नॅनोसेकंद पुढे गेली. हे फरक सिद्धांताच्या भाकिताशी जुळणारे होते. जीपीएस उपग्रहांवरील घड्याळे उपग्रहाच्या वेगामुळे दिवसाला सुमारे ७ मायक्रोसेकंद मंद चालतात, तर उंचीवरील क्षीण गुरुत्वामुळे सुमारे ४५ मायक्रोसेकंद जलद चालतात. म्हणजे एकूण सुमारे ३८ मायक्रोसेकंदांनी पुढे जातात. एवढ्या अवधीत प्रकाश ११ किलोमीटरांहून अधिक अंतर कापतो. म्हणून ही दुरुस्ती केल्याशिवाय मोबाइलवरील नकाशा योग्य ठिकाण दाखवू शकणार नाही.

या प्रकारच्या प्रवासात कोणताही विरोधाभास नाही, कारण तो एकेरी आहे. प्रवासी पुढे जातो, पण आपण पाहिलेले भविष्य सांगण्यासाठी मागे येऊ शकत नाही. भागवत पुराणाच्या नवव्या स्कंधातील ककुद्मी राजाची कथा याच जातीची आहे. कन्या रेवतीसाठी योग्य वर विचारण्यास तो ब्रह्मलोकी जातो. तेथे थोडा वेळ थांबून परतेपर्यंत पृथ्वीवर २७ चतुर्युगे उलटलेली असतात आणि त्याने मनात योजलेले सर्व वर काळाच्या पोटात गेलेले असतात. ही कथा सापेक्षता सिद्धांताचे पूर्वज्ञान नव्हे. परंतु काळाची गती सर्वत्र सारखी नसावी ही कल्पना मानवी मनाला किती जुन्या काळापासून सुचत आली आहे, हे तिच्यावरून दिसते.

भूतकाळाकडील प्रवास

सापेक्षता सिद्धांतात अवकाशाच्या तीन व काळाची एक अशा चार मिती एकत्र धरून 'अवकाशकाल' मानला जातो. प्रत्येक वस्तूचा त्यातील मार्ग म्हणजे तिची विश्वरेषा. कोणतीही वस्तू प्रकाशापेक्षा वेगाने जाऊ शकत नसल्यामुळे ही रेषा प्रत्येक ठिकाणी भविष्याकडेच वळलेली असते. मात्र व्यापक सापेक्षतेत अवकाशकालच वाकू शकतो. तो इतका वाकला, की सतत भविष्याकडे चालणारी विश्वरेषा आपल्याच आरंभबिंदूला येऊन मिळाली, तर तिला बंद कालसदृश वक्र म्हणतात. सपाट जमिनीवर सरळ पश्चिमेकडे चालणारा माणूस घरापासून दूरच जातो, पण पृथ्वीच्या गोलावर तसाच चालत राहिला तर घरी परत येतो. त्याप्रमाणे येथे वस्तू आपल्या भूतकाळात परत येते.

असे वक्र असणारी काही उत्तरे आइन्स्टाइन यांच्या समीकरणांतून मिळाली आहेत :

फान स्टोकुम यांचे उत्तर (१९३७) – अनंत लांबीच्या, फिरणाऱ्या धूलिस्तंभाचे वर्णन.
गोडेल विश्व (१९४९) – तर्कशास्त्रज्ञ कुर्ट गोडेल यांनी शोधलेले, सर्वत्र परिवलन असणारे विश्व. यात प्रत्येक बिंदूतून बंद कालसदृश वक्र जातो. आइन्स्टाइन यांनी या संशोधनाचे महत्त्व मान्य केले, पण अशी उत्तरे भौतिक कारणांनी वगळावी लागतील काय, असा प्रश्नही उपस्थित केला. आपले विश्व प्रसरण पावते, गोडेल यांचे पावत नाही.
टिपलर यांचा दंडगोल (१९७४) – अतिघन व अतिवेगाने फिरणारा दंडगोल. परंतु त्याची लांबी अनंत असावी लागते.
कृमिविवर (१९८८) – मायकेल मॉरिस, किप थॉर्न आणि उल्वी युर्टसेव्हर यांनी मांडलेली योजना.
वैश्विक रज्जू (१९९१) – रिचर्ड गॉट यांनी दाखविल्याप्रमाणे दोन अनंत लांब रज्जू अतिवेगाने एकमेकांजवळून गेल्यास असे वक्र निर्माण होतात.

यांपैकी कृमिविवराची योजना सर्वाधिक अभ्यासली गेली. कृमिविवर म्हणजे अवकाशातील दोन ठिकाणांना जोडणारा आडमार्ग. कार्ल सेगन यांना आपल्या 'कॉन्टॅक्ट' (१९८५) या कादंबरीसाठी शास्त्रीयदृष्ट्या ग्राह्य असा आंतरतारकीय मार्ग हवा होता. त्यांच्या विचारणेवरून थॉर्न या विषयाकडे वळले. समजा, कृमिविवराचे एक तोंड जागेवर ठेवले आणि दुसरे वरील उदाहरणातील यानाप्रमाणे वेगाने नेऊन परत आणले. बाहेर १० वर्षे झाली, पण फिरून आलेल्या तोंडासाठी ६ वर्षेच झाली. कृमिविवराच्या आतून पाहता दोन्ही तोंडांची घड्याळे एकमेकांशी जुळलेलीच राहतात. त्यामुळे दहाव्या वर्षी फिरलेल्या तोंडातून आत शिरणारा प्रवासी स्थिर तोंडातून सहाव्या वर्षी बाहेर पडेल, म्हणजेच चार वर्षे मागे जाईल.

यातून दोन मर्यादा स्पष्ट होतात. पहिली, असे यंत्र तयार होण्यापूर्वीच्या काळात त्यातून जाता येत नाही. भविष्यातील प्रवासी आज आपल्याला का भेटत नाहीत, या प्रश्नाचे हे एक संभाव्य उत्तर आहे. दुसरी, कृमिविवर मिटू नये म्हणून त्यात ऋण ऊर्जाघनता असलेले द्रव्य लागते. कॅसिमिर परिणामात (१९४८) दोन धातुपट्टिकांमधील निर्वातात अत्यल्प ऋण ऊर्जाघनता मिळते. परंतु मोठे कृमिविवर उघडे ठेवता येईल एवढी ती साठविण्याचा कोणताही मार्ग ज्ञात नाही.

विरोधाभास

भूतकाळात जाणे शक्य मानल्यास मुख्यतः दोन प्रकारचे विरोधाभास संभवतात.

आजोबांचा विरोधाभास : प्रवाशाने भूतकाळात जाऊन आपल्या आजोबांना, त्यांचे लग्न होण्यापूर्वी, ठार मारले तर प्रवासी जन्मणारच नाही, तो जन्मला नाही तर आजोबांना मारणार कोण? येथे एक घटना घडली असे मानले तर ती घडली नाही असे सिद्ध होते, आणि घडली नाही असे मानले तर ती घडते.

उगमहीन माहितीचा विरोधाभास : एका विद्यार्थ्याला गणिताच्या प्रमेयाची सिद्धता पुस्तकात सापडते. तो भूतकाळात जाऊन ती त्या पुस्तकाच्या लेखकाला देतो आणि लेखक तीच छापतो. येथे परस्परविरोधी काही घडत नाही, तरीही ती सिद्धता कोणीच शोधलेली नाही. वस्तूबाबत अडचण आणखी वाढते. अशा फेऱ्यात अडकलेले घड्याळ प्रत्येक फेरीत थोडे झिजेल. पण आरंभी ते जसे होते तसेच शेवटी असावे लागते. म्हणून बाहेरून ऊर्जा पुरवून त्याची झीज भरून निघाली पाहिजे, अन्यथा ऊष्मागतिकीच्या दुसऱ्या नियमाशी विरोध येतो.

प्रस्तावित नियम

स्वयंसुसंगती तत्त्व

रशियन भौतिकशास्त्रज्ञ इगोर नोव्हिकोव्ह यांनी १९८० च्या दशकात या तत्त्वाचा पुरस्कार केला. बंद कालसदृश वक्र असलेल्या विश्वातही स्वतःशी सुसंगत असणाऱ्या घटनाच घडू शकतात, असे ते सांगते. भूतकाळात जाता येईल, तेथे काही करताही येईल; पण जे केले जाईल ते इतिहासात आधीपासूनच समाविष्ट असेल. जुन्या वाड्याला लागलेली आग टाळण्यासाठी मागे गेलेल्या प्रवाशाच्या हातातील कंदील पडूनच ती आग लागली, अशी घटना या तत्त्वाला मान्य आहे. आग टळली, ही मान्य नाही.

या तत्त्वाची कसोटी घेण्यासाठी जोसेफ पोल्चिन्स्की यांनी माणसाऐवजी बिलियर्डचा चेंडू घेतला. हा चेंडू कृमिविवराच्या एका तोंडात शिरतो, दुसऱ्यातून थोडा आधी बाहेर पडतो आणि आपल्याच पूर्वरूपाला धडकून त्याला आत शिरण्यापासून रोखतो. येथे स्वेच्छेचा प्रश्न नाही, तरी विरोधाभास तोच आहे. फर्नांडो एचेव्हेरिया, गुन्नार क्लिंकहामर व थॉर्न यांनी १९९१ मध्ये दाखविले, की याच आरंभस्थितीतून सुसंगत उत्तरेही मिळतात. बाहेर पडणारा चेंडू किंचित वेगळ्या दिशेने येऊन पूर्वरूपाला केवळ चाटून जातो आणि त्या हलक्या धक्क्यामुळेच ते किंचित वेगळ्या दिशेने आत शिरते. मात्र अशी उत्तरे एक नसून अनंत आहेत. त्यामुळे अडचणीचे स्वरूपच पालटते : 'उत्तर नाही' ही अडचण दूर होते, पण आरंभस्थितीवरून पुढचे निश्चित भाकीत करण्याची अभिजात भौतिकीची क्षमता नाहीशी होते.

तत्त्वज्ञ डेव्हिड लुइस यांनी १९७६ मध्ये हाच प्रश्न 'शकणे' या क्रियापदाच्या अर्थावरून तपासला. प्रवाशाच्या हाती बंदूक आहे, नेम अचूक आहे; या तथ्यांपुरते पाहिले तर तो आजोबांना मारू शकतो. आजोबा पुढे अनेक वर्षे जगले हे तथ्यही विचारात घेतले तर तो मारू शकत नाही. दोन्ही विधाने आपापल्या संदर्भात खरी आहेत. लुइस यांच्या मते प्रवाशाचा हात कोणतीही गूढ शक्ती धरून ठेवत नाही; पाय घसरणे किंवा ऐन वेळी मन बदलणे अशा साध्या कारणांनीच तो अयशस्वी होतो.

कालक्रम-संरक्षण अनुमान

स्टीफन हॉकिंग यांनी १९९२ मध्ये वेगळी भूमिका घेतली. भौतिकशास्त्राचे नियम बंद कालसदृश वक्र निर्माणच होऊ देत नाहीत, असे त्यांचे अनुमान आहे. पुंजयामिकीनुसार निर्वातातही ऊर्जेचे सूक्ष्म चढउतार सतत चालू असतात. कालयंत्र सुरू होण्याच्या सीमेवर, ज्या सीमेला कोशी क्षितिज म्हणतात, हे चढउतार फेऱ्या घालून स्वतःवरच साचत जातील आणि वाढलेली ऊर्जा यंत्र सुरू होण्याआधीच ते नष्ट करील, असा या युक्तिवादाचा गाभा आहे. ध्वनिवर्धकाचा आवाज त्याच्याच मायक्रोफोनमध्ये शिरला की क्षणात कर्कश शिट्टी वाजू लागते, त्याच्याशी याची तुलना करता येईल. मर्यादित आकाराच्या प्रदेशात कालयंत्र बनवायचे तर ऋण ऊर्जा अपरिहार्य आहे, हेही हॉकिंग यांनी दाखविले.

बर्नार्ड के, मारेक राड्झिकोव्स्की व रॉबर्ट वॉल्ड यांनी १९९७ मध्ये याच क्षितिजाविषयी एक प्रमेय सिद्ध केले. त्यानुसार क्षितिजावरील काही बिंदूंपाशी द्रव्याला पुंजयामिकी आणि गुरुत्वाला अभिजात सिद्धांत लावण्याची संमिश्र पद्धतच निरुपयोगी ठरते. म्हणजे हॉकिंग यांचे अनुमान खरे की खोटे, याचा अंतिम निर्णय पुंज-गुरुत्वाचा परिपूर्ण सिद्धांत हाती आल्याशिवाय होऊ शकत नाही. हॉकिंग यांनी २८ जून २००९ रोजी केंब्रिज येथे कालप्रवाशांसाठी मेजवानी ठेवली आणि तिची निमंत्रणे नंतर प्रसिद्ध केली. कोणीही आले नाही. यातील विनोद लक्षात ठेवावा, पण याला पुरावा मानू नये; कारण यंत्र बनण्यापूर्वीच्या काळात जाता येत नसेल, तर पाहुणे न येणेच अपेक्षित आहे.

पुंजयामिकीतील सुसंगती

डेव्हिड डॉइच यांनी १९९१ मध्ये सुसंगतीची अट घटनेवर न घालता तिच्या पुंजयामिकीय अवस्थेवर घातली. वक्रात शिरणारी अवस्था आणि फेरा पूर्ण करून येणारी अवस्था सारखी असावी, एवढीच ही अट आहे. अशी अवस्था नेहमी अस्तित्वात असते, असे त्यांनी सिद्ध केले. आजोबांच्या विरोधाभासाचे सरळ रूप घेतल्यास प्रवासी निम्म्या संभाव्यतेने जन्मतो आणि निम्म्या संभाव्यतेने जन्मत नाही. जन्मलेला प्रवासी आजोबांना मारतो, न जन्मलेला मारत नाही, आणि संभाव्यतांचा हिशेब जुळतो. डॉइच स्वतः याचा अर्थ ह्यू एव्हरेट यांच्या १९५७ च्या अनेकविश्व विवेचनानुसार लावतात : प्रवासी ज्या इतिहासात पोहोचतो तो त्याने सोडलेला इतिहास नसतो.

सेथ लॉइड व सहकाऱ्यांनी २०११ मध्ये याला पर्याय मांडला. त्यात विरोधाभास निर्माण करणाऱ्या घटनाक्रमांची संभाव्यता शून्य होते. म्हणून निष्कर्षात तो नोव्हिकोव्ह यांच्या तत्त्वाला जवळचा आहे. लॉइड यांच्या गटाने २०११ मध्ये आपल्या प्रतिकृतीची आणि क्वीन्सलंड विद्यापीठातील गटाने २०१४ मध्ये डॉइच यांच्या प्रतिकृतीची प्रकाशकणांच्या साहाय्याने प्रयोगशाळेत नक्कल केली. या प्रयोगांत कोणताही कण भूतकाळात गेला नाही. संबंधित समीकरणे कशी वागतात एवढेच तपासले गेले.

निव्हन यांचा नियम

विज्ञानकथाकार लॅरी निव्हन यांनी १९७१ मधील एका निबंधात मांडलेला युक्तिवादही या संदर्भात उल्लेखनीय आहे. भूतकाळ बदलता येत असेल तर प्रत्येक प्रवासाने इतिहास बदलेल. हे बदल कालयंत्राचा शोधच न लागलेला इतिहास तयार होईपर्यंत चालू राहतील. आणि तो इतिहास मग स्थिर राहील, कारण तो बदलण्यास कोणी उरणार नाही. हे भौतिकशास्त्रातील प्रमेय नाही. तथापि ऊर्जेचा विचार न करता, केवळ तर्काने, हॉकिंग यांच्याच निष्कर्षापाशी येण्याचा हा मार्ग आहे.

नियमांची तुलना

तीन मुख्य प्रस्ताव एकाच प्रश्नाला तीन ठिकाणी अडवितात. कालक्रम-संरक्षण यंत्राला अडविते, स्वयंसुसंगती प्रवाशाच्या कृतीला अडविते, आणि डॉइच यांची अट कशालाच न अडविता इतिहास एकच असण्याचा आग्रह सोडून देते. प्रत्येकाची किंमत निराळी आहे. पहिला अजून हाती नसलेल्या सिद्धांतावर विसंबतो. दुसऱ्यात भविष्य निश्चित करणारी आरंभस्थिती स्वतंत्रपणे निवडता येत नाही, त्यामुळे मानवी स्वेच्छेचा प्रश्न उभा राहतो. क्वीन्सलंड विद्यापीठातील जर्मेन टोबार व फाबियो कोस्टा यांनी २०२० मध्ये प्रसिद्ध केलेले गणित मात्र असे दाखविते, की बंद वक्रांच्या उपस्थितीतही निरनिराळ्या ठिकाणी स्वतंत्र निवड करता येणे आणि विरोधाभास न होणे या दोन गोष्टी एकत्र नांदू शकतात. तिसऱ्या प्रस्तावात बदललेला भूतकाळ प्रवाशाच्या मूळ जगाच्या कामी येत नाही : ज्यांना वाचवायला तो गेला, ते त्याने सोडलेल्या जगात गेलेलेच राहतात.

मराठी विज्ञानसाहित्यात

खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर (१९३८–२०२५) यांची 'गंगाधरपंतांचे पानिपत' ही कथा वरील तिसऱ्या प्रस्तावाच्या जवळ जाते. इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत गायतोंडे अशा जगात पोहोचतात, जेथे १७६१ च्या पानिपतच्या लढाईत विश्वासराव बचावले आणि मराठ्यांचा विजय झाला. गंगाधरपंत भूतकाळात जात नाहीत व काही बदलतही नाहीत. ते इतिहासाच्या दुसऱ्या शाखेत जातात आणि कथेत याचे स्पष्टीकरण पुंजयामिकीच्या आधारे दिले जाते. या कथेचे 'द ॲडव्हेंचर' हे इंग्रजी रूप एनसीईआरटीच्या अकरावीच्या पाठ्यपुस्तकात समाविष्ट झाल्यामुळे ती महाराष्ट्राबाहेरील विद्यार्थ्यांनाही परिचित झाली.

सद्यःस्थिती

भविष्याकडील प्रवास हा सापेक्षता सिद्धांताचा पडताळून पाहिलेला निष्कर्ष आहे. भूतकाळाकडील प्रवास अशक्य आहे असे सिद्ध झालेले नाही; मात्र त्याला अनुकूल असणाऱ्या वर उल्लेखिलेल्या उत्तरांपैकी प्रत्येकात अनंत लांबीची वस्तू, आपल्याहून वेगळे विश्व किंवा मोठ्या प्रमाणावरील ऋण ऊर्जा यांपैकी काहीतरी लागते. या विषयाचे महत्त्व यंत्र बांधण्याच्या आशेपेक्षा त्याने उभ्या केलेल्या प्रश्नात आहे. कारण आधी आणि कार्य नंतर, हा क्रम निसर्गाच्या मूलभूत नियमांतच अंतर्भूत आहे, की आपण तो त्यांच्यावर वरून घालतो? या प्रश्नाचे उत्तर पुंज-गुरुत्वाच्या सिद्धांताकडून अपेक्षित आहे.